आधी हात ओले करा

उन्हाळ्यात हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात आम्ही चार दिवस तंबू ठोकून राहिलो. दिवसभर डोंगर चढायचा. संध्याकाळी, परवाना खिशात ठेवून, गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी नदीवर टाकायची. तिसऱ्या दिवशी ट्राउट लागला. ब्रिटिशांनी इकडच्या नद्यांत आणून सोडलेला हा मासा. फोटोसाठी मी तो कोरड्या हातानेच उचलला. वाटाड्या ओरडला, "साहेब, आधी हात ओले करा!" कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मग त्याला बुरशी लागते, आणि पाण्यात सोडलेला मासाही पुढे मरू शकतो. मी हात भिजवले, प्रवाहाकडे तोंड करून त्याला धरलं. कल्ले हलले, आणि तो निसटला. फोटो राहिलाच. तो जगला की नाही, हे मात्र मला कधीच कळणार नाही.