सायकल-सहलीचा मार्ग किती अवघड असावा?

(महोत्सवी समारंभात केलेले भाषण)



महोत्सवी वर्षानिमित्त बीदर ते कलबुर्गी अशी विद्यार्थ्यांची सायकल-सहल काढावी, असे घाटत आहे. सुमारे ११० किलोमीटरचे हे अंतर एका दिवसात तोडावे, असे तरुण मंडळींचे म्हणणे. तर मुलींनी व लहानांनी जाऊच नये, असे काही पालकांचे. या दोहोंमधला मार्ग सुचविण्यासाठी मी उभा आहे.

मार्गाची अवघडाई नुसत्या किलोमीटरवर मोजता येत नाही. साध्या सायकलीवर १०० मीटर उंचीचा चढ चढणे म्हणजे, ढोबळ मानाने, सपाटीवर सहा-सात किलोमीटर जाण्याइतके श्रम. वाऱ्याचा हिशेब याहून कडक आहे. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला समोरून तेवढ्याच वेगाचा वारा लागला, तर हवेचा अडथळा दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून पावसाळ्यात, पश्चिमेचा वारा अंगावर घेत बीदरहून बसवकल्याणकडे निघालेल्यास सपाट रस्ताही घाटासारखा भासतो.

मग सहल अगदी सोपी असावी काय? तसेही नाही. चढ नसलेल्या रस्त्याला मुले कंटाळतात. बीदरहून अष्टूरच्या बहमनी कबरींकडे जाताना उतार आहे, परतताना चढ. अंतर थोडे, म्हणून तो शेवटचा चढ गोड लागतो. दिवसभर सायकल हाकल्यावर तोच चढ जीव काढील.

फ्रान्समधील सायकलपटू पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) सांगत असत की, भुकेपूर्वी खावे, तहानेपूर्वी प्यावे, थकण्यापूर्वी विसावा घ्यावा आणि केवळ प्रौढीसाठी पायडल मारू नये. आजही २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करण्याच्या चाचण्या होतात. त्यांचे मोल आहेच, पण ती परीक्षा झाली. सहलीचे माप वेगळे : चमूतील सर्वांत अशक्त मुलाला पायडल मारता मारता बोलता यावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघावेसे वाटावे.

हे माप लावून मी असे सुचवितो. सहल हिवाळ्यात काढावी. तेव्हा वारा बहुधा पूर्वेकडचा, म्हणजे आपल्या पाठीशी असतो. पहिल्या दिवशी सुमारे ५० किलोमीटरवरील हुमनाबाद गाठून मुक्काम करावा व माणिकनगर पाहावे. उरलेला पल्ला दुसऱ्या दिवशी. पहाटे निघावे, आणि सर्वांत हळू चालविणाऱ्यास पुढे ठेवावे. २०१७ पासून बीदर-कलबुर्गी रेल्वे सुरू आहे. दमलेल्या मुलाने हुमनाबादहून आगगाडीने परतावे. त्यात कमीपणा नाही.

राहिला मुलींचा प्रश्न. २००६-०७ पासून काही वर्षे राज्य सरकारने आठवीतील मुलामुलींना सायकली दिल्या. त्या जड सायकलींवर खेड्यांतील कित्येक मुलींनी रोज शाळा गाठली. त्यांना सहलीतून वगळण्यास कारण उरत नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण येथेही लागू आहे; मात्र अंथरूण सर्वांना पुरेल असे हवे. विश्वस्तांनी या दोन दिवसांच्या मार्गास मान्यता द्यावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.