सांडपाण्याचा जमाखर्च

(डोंगरमाथ्यावरील एका नियोजित मुलींच्या वसतिगृहाच्या बांधकाम-समितीपुढे केलेले भाषण)



संडास आणि मोरी या विषयावर बोलण्यासाठी आपण एका निवृत्त अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला बोलावले, याचे काहींना नवल वाटले असेल. पण आपल्या अंदाजपत्रकात ग्रंथालय, सभागृह, प्रवेशद्वाराची कमान या सर्वांना स्वतंत्र ओळ आहे आणि सांडपाण्याची व्यवस्था मात्र ‘संकीर्ण’ या सदरात टाकली आहे. ज्या खर्चाकडे पाहावयाचे नसते तो आपण संकीर्ण सदरात टाकतो. हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे, तो येथून.

प्रथम एक कबुली देतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका संस्थेच्या वसतिगृहाचा खजिनदार होतो. तेथील सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसावा लागे. सलग सहा वर्षे मी ती रक्कम काटकसर म्हणून वाचवली आणि वार्षिक सभेत त्याबद्दल शाबासकीही मिळवली. सातव्या वर्षी टाकी तुंबली. गावाच्या ज्या वस्तीतून अशा कामासाठी माणसे बोलावण्याची आपल्याकडे रूढी आहे, त्या वस्तीतून दोन तरुण बोलावले गेले. एक जण दोर बांधून आत उतरला आणि काही क्षणांत बेशुद्ध झाला. सोबत्याने ओढून काढला म्हणून तो वाचला. त्या दिवशीच्या पावतीवर मी स्वतःच्या हाताने ‘किरकोळ खर्च’ असे लिहिले. ते दोन शब्द मला अजून विसरता आलेले नाहीत.

अर्थशास्त्रज्ञ कॅप यांनी १९५० साली खासगी उद्योगांच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला. उत्पादकाने न भरलेली किंमत समाजातील दुसरा कोणी तरी भरतो, हा त्याचा गाभा. पण हे केवळ कारखानदारांना लागू आहे असे समजून आपण सेवाभावी मंडळींनी निर्धास्त राहू नये. आपल्या टाकीची किंमतही कोणी तरी भरतच असतो. तो माणूस कोणत्या जातीचा असतो हे मी सांगावयास नको. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलण्यास आणि संरक्षक साधनांविना माणूस टाकीत उतरवण्यास बंदी केली. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख ठरवली होती, ती २०२३ साली ३० लाखांवर नेली. भरपाईचा आकडा वाढवावा लागतो, याचाच अर्थ मृत्यू थांबलेले नाहीत.

आता आपल्या जागेकडे येतो. येथे ९० मुली आणि १० कर्मचारी राहणार. ग्रामीण पाणीपुरवठ्याचे आजचे परिमाण माणशी ५५ लिटर धरले, तर दररोज ५,५०० लिटर पाणी येथे वापरले जाईल आणि जवळजवळ तेवढेच बाहेर पडेल. ते कोठे जाणार? नकाशात सेप्टिक टँक आणि शोषखड्डा दाखवला आहे. टाकीत गाळ खाली बसतो आणि कुजतो, पण बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसते. रोगजंतू त्यात असतातच. ते गाळून घेण्याचे काम पुढे मातीने करावयाचे असते, आणि या माथ्यावर माती वीतभरच आहे. तिच्याखाली काळा कातळ आहे. कातळात पाणी मुरत नाही, ते भेगांतून धावते. खाली पाड्याचा झरा आहे, आणि ज्या मुलींना आपण शिकवू पाहतो त्यांतल्या कित्येकींच्या आया त्याच झऱ्यावर हंडे भरतात. मुलींना शिक्षण आणि त्यांच्या धाकट्या भावंडांना कावीळ, असा हा व्यवहार आपल्याला मान्य आहे काय?

दुसरी सूचना एका दानशूर गृहस्थांकडून आली आहे. ते आयते यंत्र बसवून देणार आहेत. त्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे. परंतु अशा यंत्रात हवा खेळवणारा पंप अहोरात्र चालावा लागतो, कारण त्यातले जिवाणू प्राणवायूवर जगतात. येथे पावसाळ्यात वीज गेली की दिवस दिवस येत नाही. शिवाय दिवाळीत आणि उन्हाळ्यात वसतिगृह रिकामे असते, तेव्हा त्या जिवाणूंना अन्नही नाही. देणगी यंत्राची मिळते. विजेचे बिल, सुटे भाग आणि तंत्रज्ञाचा फेरा यांची देणगी कोणी देत नाही.

मग करावे काय? याचा विचार महाराष्ट्रात पूर्वीच झालेला आहे. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत करणाऱ्या सोप्या संडासांचे प्रयोग केले. याच अप्पासाहेबांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून आग्रह धरला होता आणि त्यांच्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपवास आरंभला होता. देहूला डॉक्टर म्हणून गेलेल्या सुहास मापुसकरांनी शौचालयाला जोडलेल्या जैववायू संयंत्रासाठी आयुष्य वेचले.

या अनुभवाच्या आधारे मी सुचवतो ते असे. न्हाणीघर आणि स्वयंपाकघराचे पाणी संडासाच्या पाण्यापासून वेगळे ठेवावे. खरकट्याच्या पाण्याला आधी तेलकटपणा अडवणारी लहान टाकी असावी. संडासाचा मैला बंदिस्त जैववायू संयंत्रात जावा. माणशी दिवसाला सुमारे २५ ते ३० लिटर वायू मिळतो, म्हणजे शंभरांचा मिळून एका कुटुंबाच्या चुलीपुरता. त्यावर वसतिगृहाचा सगळा स्वयंपाक होईल असे स्वप्न कोणी दाखवू नये. पण संयंत्रातील मळी नव्या भराच्या दाबाने आपोआप बाहेर येते, आत उतरण्याचा प्रसंग येत नाही, हा खरा लाभ आहे. ती मळी तळ बंद केलेल्या दोन खड्ड्यांत आळीपाळीने सोडावी. भरलेला खड्डा दीड-दोन वर्षे मिटून ठेवला की त्याचे माती-खत होते.

खड्ड्यांतून निथळलेले पाणी आणि न्हाणीचे पाणी खडीच्या वाफ्यात सोडावे. माणशी सुमारे एक चौरस मीटर धरून शंभर चौरस मीटरचा, दोन फूट खोल, तळाला अस्तर घातलेला वाफा पुरेल. त्यात पाणकणीस आणि कर्दळ लावावी. पाणी खडीच्या पृष्ठाखालून वाहते, त्यामुळे डास होत नाहीत. खडीवर आणि मुळांवर वाढणारे जिवाणू शुद्धीचे काम करतात. आपल्याला उतार फुकट मिळालेला आहे, म्हणून पंप नको. शेवटचे पाणी आंबा-काजूच्या आळ्यांना द्यावे, पालेभाजीला देऊ नये. पावसाचे वाहते पाणी मात्र चर खणून वाफ्याबाहेर वळवलेच पाहिजे. आणि हे मुलींचे वसतिगृह आहे, तेव्हा मासिक पाळीच्या कापडांची व पॅडची वेगळी सोय संकोच न करता नकाशात दाखवा, नाहीतर सर्व व्यवस्था त्यापायी तुंबेल.

यालाही देखभाल लागते. नळ्या झाडणे, वनस्पती कापणे, खड्डा बदलणे ही कामे आहेतच. त्यासाठी एक पद निर्माण करा. त्याला नियमित वेतन, प्रशिक्षण आणि कार्यालयातील लिपिकाइतका मान द्या, आणि ते जात पाहून भरू नका. मुलींना शिक्षा म्हणून ही कामे लावू नका. अप्पासाहेबांनी ते काम स्वेच्छेने मागून घेतले होते. लादलेले काम आणि मागून घेतलेले काम यांत गुलामगिरी आणि स्वातंत्र्य यांच्याएवढे अंतर आहे.

माझी मागणी दोन गोष्टींपुरती आहे. एक, या व्यवस्थेला अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ आणि दरवर्षी बाजूला ठेवावयाचा निधी, ज्याला कोणत्याही खजिनदाराने काटकसरीच्या नावाखाली हात लावता कामा नये. दोन, नकाशा मंजूर करण्यापूर्वी खालच्या पाड्यातील बायामाणसांना येथे बोलावून तो समजावून सांगावा आणि त्यांची संमती घ्यावी. निधी कमी पडत असेल तर कमान पुढच्या वर्षी बांधा. कमानीवाचून कोणी आजारी पडत नाही.