आधी पोट तपासा



 संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात पोटविकारशास्त्राच्या वर्षभरातल्या प्रगतीचा आढावा घ्यायची प्रथा आहे. पण यकृत, एन्डोस्कोपी, नवी औषधं यांवर जाणकार मंडळी दोन दिवस बोलणारच आहेत. मला बोलायचंय ते चेर्नोबिलच्या सफाई कामगारांच्या पोटाबद्दल. नव्वदच्या दशकात मी कीवला शिकत होतो, तेव्हापासून हे मनात साचलंय.

२६ एप्रिल १९८६ला चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली. पुढे काही वर्षं मिळून जवळजवळ सहा लाख माणसं तिथं सफाईला राबली. त्यांना लिक्विडेटर म्हणतात. छपरावरचं ग्राफाइट ढकलायला आणलेली यंत्रं बंद पडली, तेव्हा राखीव सैनिकांच्या हाती फावडी देऊन त्यांना मिनिट-दोन मिनिटांसाठी वर धाडलं. पुढे ल्युकेमिया, मोतीबिंदू, मृत्यू यांच्या नोंदी झाल्या, जाडजूड अहवाल निघाले. कीवला आमच्या वॉर्डात मात्र ही माणसं यायची ती पोटात आग पडते, जेवण जिरत नाही म्हणून. पोटदुखीनं माणूस मरत नाही, म्हणून ती कुणाच्या तक्त्यात ठळकपणे येत नाही.

आपल्यात या पोटदुखीच्या कारणावर दोन तट आहेत. एक म्हणतो, यांना किरणांचा सरासरी डोस मिळाला सुमारे १२० मिलिसिव्हर्ट. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर रेडिओथेरपी घेतलेल्या बाईला काही वर्षांनी शौचातून रक्त जातं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण तिथं डोस ४५-५० ग्रे, म्हणजे शेकडो पट. तेव्हा लिक्विडेटरचं पोट बिघडलं ते मानसिक ताणानं. दुसरा तट म्हणतो, श्वासातून गेलेली धूळ कफाबरोबर घशाशी येते आणि गिळली जाते. छातीवरच्या डोसमापकाला ती काय कळणार? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. आणि दोघंही रुग्णाला ताटकळत ठेवतात.

आमच्याकडे काँक्रीटच्या गाडीवरचा एक ड्रायव्हर होता. ८६च्या उन्हाळ्यात त्यानं तिथं गाडी चालवलेली, घामानं भिजलेला मास्क हनुवटीवर ओढून. रोज रात्री दोनच्या सुमारास पोटदुखीनं जाग यायची, काळ्या पावाचा तुकडा खाल्ला की कळ थांबायची. तो तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून कोटाच्या खिशात कायम असायचा. आपल्याकडचा इंटर्नसुद्धा हे ऐकून ड्युओडेनल अल्सर म्हणेल! त्याची फाईल वीतभर जाड. तिच्यात कागदामागून कागद एकाच प्रश्नाचे: या तक्रारीचा अपघाताशी संबंध आहे की नाही? पेन्शन त्यावर ठरायची, म्हणून समित्या बसत, शेरे मारत. शेवटचा शेरा होता, मज्जातंतूंचा विकार. इतक्या वर्षांत त्याच्या घशाखाली कुणी दुर्बीण घातली नव्हती.

आम्ही घातली. अल्सर होता, तो करणारा हेलिकोबॅक्टर हा जंतूही होता. गोळ्यांचा एक कोर्स झाला आणि माणूस रात्रभर झोपू लागला. मार्शल आणि वॉरन या डॉक्टरांनी अल्सरच्या रुग्णांमधल्या या जंतूबद्दलचा शोधनिबंध छापला १९८४ साली, अपघाताच्या दोन वर्षं आधी! किरण की ताण, हा वाद माझ्यापुरता त्या वॉर्डात मिटला. कारणावर भांडा, जरूर भांडा, पण आधी पोट तपासा. शिवाय हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांमध्ये जठराच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण डोसबरोबर वाढलेलं दिसलं आहे. मग दुर्बिणीला टाळाटाळ कशासाठी?

जपाननं फुकुशिमाच्या अणुभट्टीतल्या अपघातानंतर आणीबाणीत राबलेल्या सुमारे २०,००० कामगारांचा आयुष्यभराचा आरोग्य-अभ्यास हाती घेतला. जठरदाहाच्या रुग्णांमधला हेलिकोबॅक्टर घालवण्याचा खर्च २०१३पासून तिथला विमा देतो. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. लिक्विडेटर मात्र आता म्हातारे झालेत, कितीतरी गेले, आणि त्यांचं पोट शेवटपर्यंत समितीच्या टेबलावरच राहिलं. हे मला आजही सहन होत नाही.

तारापूरची अणुभट्टी १९६९पासून आपल्याच राज्यात आहे. तिथल्या कामगारांच्या पोटाची नोंद ते धडधाकट असतानाच व्हावी, अशी माझी मागणी आहे. त्यासाठी एक साधी प्रश्नावली करावी लागेल, हेलिकोबॅक्टरची तपासणी जोडावी लागेल. पैसा कुठून, परवानगी कुणाची, हे कार्यकारिणीनं बघावं. प्रश्नावलीचा कच्चा मसुदा मी लिहून देतो. पहिला प्रश्न असेल, रात्री पोटदुखीनं जाग येते का? अपघाताशी संबंध विचारणारा रकाना त्यात नसेल.