सीमेवरील वसतिगृह

(निपाणी परिसरातील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



या मेळाव्याचे निमंत्रण देताना आपल्या प्राचार्यांनी एक प्रश्न मजसमोर ठेवला होता. या वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावरील खोल्या गेली काही वर्षे कुलूपबंद आहेत. घरोघरी दुचाकी आली. कर्नाटकात २०२३ च्या जून महिन्यापासून महिलांना सरकारी बसमधून विनामूल्य प्रवासाची सोय झाली. तेव्हा, मुलीला वसतिगृहात कशासाठी ठेवावयाचे, असे पालक विचारतात. आणि मग हे वसतिगृह चालवावयाचे तरी कशासाठी, असे चालक विचारतात. प्रश्न पैशाचा आहे, आणि पैशाचा आहे म्हणून तो हलका मानण्याचे कारण नाही. आज आपणांस त्याविषयी मत द्यावयाचे आहे.

ज्या भूमीवर आपण बसलो आहोत तिच्याइतका वसतिगृहांचा अनुभव फार थोड्या प्रदेशांना असेल. येथून जवळच असलेल्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी प्रथम सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह असावे असा प्रयत्न केला. तो त्या काळी साधला नाही. तेव्हा १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. जातवार वसतिगृहे काढली म्हणून महाराजांवर टीका झाली. परंतु खेड्यातील ज्या मुलाला शहरात कोणी ओसरीवरही निजू देत नव्हते, त्याला प्रथम अंथरूण टाकण्यापुरती जागा हवी होती, हे त्यांनी ओळखले होते.

याच बोर्डिंगांतील एका विद्यार्थ्याची हकीकत सर्वश्रुत आहे. कुंभोजचे भाऊराव पाटील जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत असताना मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेले. परतल्यावर, स्नान केल्याशिवाय भोजनगृहात प्रवेश नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी स्नान करण्याचे नाकारले आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्याच भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. त्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. एका पंक्तीवरून उठविल्या गेलेल्या मुलाने पुढे हजारो मुलांची पंक्त मांडली. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ साली निघाले तेही 'कमवा आणि शिका' या पायावर. विद्यार्थ्यांनी हाती कुदळ घ्यावयाची आणि त्याच हातांनी ग्रंथ उघडावयाचा, अशी तेथील रीत होती.

मुधाळ तिट्ट्यावरून वळले की गारगोटी लागते. तेथील मौनी विद्यापीठ हे जे. पी. नाईक यांच्या कल्पनेतून साकारलेले ग्रामीण शिक्षणाचे केंद्र. नाईकसाहेब पुढे कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव झाले. परंतु देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या या गृहस्थांना भुदरगडच्या डोंगराळ भागात विद्यार्थ्यांसमवेत राहण्याचे अगत्य वाटले, हे मला विशेष वाटते.

आता आपल्या सीमेकडे येऊ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. पाच वर्षांनी, १९६१ साली, देवचंद महाविद्यालय अर्जुननगरला सुरू झाले. शहर निपाणी, पण महाविद्यालयाची भूमी कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्याची! घर एका राज्यात आणि वर्ग दुसऱ्या राज्यात, असा दिनक्रम या भागातील पिढ्यांच्या अंगवळणी पडला. बेळगावात लिंगराज महाविद्यालय १९३३ पासून आणि राणी पार्वती देवी महाविद्यालय १९४५ पासून होतेच; परंतु तंबाखूच्या वखारीत दिवसभर राबणाऱ्या आईला आपल्या मुलाचे महाविद्यालय डोळ्यांच्या टप्प्यात दिसावे, ही सोय अर्जुननगरने केली. निपाणीत पिठाची गिरण चालवीत या वखारींतील स्त्रियांच्या कथा लिहिणारे महादेव मोरे २०२४ साली निवर्तले. त्यांचे लेखन ज्यांनी वाचले आहे त्यांना त्या घरातील जागेची कल्पना आहे. एका खोलीत सहा माणसे, कोपऱ्यात चूल, आणि अंगभर तंबाखूचा खकाणा. अशा घरातील मुलीला बसचा पास मिळाला म्हणजे महाविद्यालयापर्यंत पोहोचण्याचा प्रश्न सुटतो. संध्याकाळी वही कोठे उघडावयाची हा प्रश्न सुटत नाही. वरच्या मजल्याची कुलपे मोजताना हा हिशेब चालकांनी धरला आहे काय, असे मी नम्रपणे विचारतो.

वसतिगृहाची केवळ स्तुती करण्यास मी आलेलो नाही. मी स्वतः अशाच एका लहान बोर्डिंगात तीन वर्षे काढली. पत्र्याची ट्रंक, वळकटी, आणि एस. टी.ने गावाकडून येणारा भाकरी-खर्ड्याचा डबा. सोमवारचा डबा बुधवारी उघडला तरी त्यावर तक्रार नसे. माझ्या खोलीत एकजण कन्नड घरातला होता. परीक्षेच्या दिवसांत तो झोपेत कन्नड बोले आणि जागेपणी आम्हांला मराठी व्याकरण समजावून देई. अण्णा, अक्का, अप्पा हे आपण आपले म्हणून वापरतो ते शब्द त्याच्याही घरचेच, हे मला तेथे प्रथम उमगले.

दुसऱ्या वर्षी मला मेसचा चिटणीस निवडण्यात आले. आठवडी बाजार करणे, ज्वारी निवडून दळून आणणे, आणि महिनाअखेर खर्च भागिले माणसे असा हिशेब मांडणे, हे माझे काम. हिशेब चोख ठेवण्याचा मला अभिमान होता. ज्यांची बिले थकली त्यांची नावे भोजनगृहाच्या फळ्यावर लिहावयाची, असा नियम होता. एका मुलाचे तीन महिने थकले. नियमाप्रमाणे मी त्याचे नाव लिहिले, सुवाच्य अक्षरात, रकमेसह. त्या रात्री तो जेवावयास आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची खाट रिकामी होती. त्याच्या वडिलांची बैलजोडी त्या वर्षी गेली होती, हे आम्हांस पुढे समजले. विचारण्याचे कोणाला सुचले नव्हते. तो परत आला नाही. पैसे मात्र पोस्टाने आले, पुरते. त्या पोचपावतीवर सही मीच केली.

म्हणून, आजच्या मेस समितीतील विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे, की फळा स्वयंपाकाचा पदार्थ लिहिण्यापुरता ठेवा. थकबाकीची गोष्ट रेक्टरांच्या खोलीत, दार लावून व्हावी. आणि वरच्या मजल्याच्या निम्म्या खोल्या जरी उघडल्या, तरी त्यांतील दोन बिनभाड्याच्या ठेवाव्यात, अशी चालकांना विनंती आहे.

एक शासकीय स्वरूपाची गोष्टही सांगणे अगत्याचे आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभाग असा स्वतंत्र प्रकार आहे. पुष्कळ पालकांना तो ठाऊक नसतो, आणि ठाऊक होतो तेव्हा मुदत संपलेली असते. यात एक सूक्ष्म भेद आहे. प्रवेशाची पात्रता एक आणि शिष्यवृत्तीची किंवा वसतिगृह भत्त्याची पात्रता दुसरी. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळालीच, असे समजून कोणी शेतावर कर्ज काढू नये. अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी, आणि रहिवासाचा, मातृभाषेचा व शाळा सोडल्याचा दाखला बारावीच्या परीक्षेपूर्वीच हाती घ्यावा. दाखल्यावरील गावाचे नाव आणि आधारपत्रावरील नाव यांत बेळगाव-बेळगावी एवढा फरक असला तरी खेटे पडतात. जिल्ह्याचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललेले आहे, हे ध्यानात ठेवून दोन्ही कागद पडताळून पाहावेत.

सभेनंतर मी ग्रंथालयात तासभर थांबणार आहे. ज्यांनी कागदपत्रे सोबत आणली असतील त्यांनी ती दाखवावीत. मुली व त्यांच्या माता यांनी प्रथम यावे. त्यांची शेवटची गाडी लवकर आहे.