आधी छप्पर, मग तिकीटखिडकी



कृष्णाकाठच्या या वाईत स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. सरदार रास्त्यांनी उभारलेली देवळे आपण पाहालच. शेजारी मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे आणि तिथल्या घाटावर १७३९च्या वसईविजयानंतर आणलेली घंटा. पण याच मुलखात कुलूप लागलेले वाडेही आहेत. आजची परिषद त्यांच्यासाठी आहे.

वाडा एका दिवसात पडत नाही. आधी चार कौले सरकतात. पाणी कडीपाटावर उतरते, तुळईचे भिंतीतले टोक कुजते, वाळवी धरते. वारस गावोगाव पांगलेले. उताऱ्यावर नावे वाढत जातात आणि कौले बदलायला सही कोणाची, हेच ठरत नाही. मग कोणीतरी कळकळीने सिमेंटचा गिलावा करून घेतो. त्याने भिंतीतल्या ओलीची बाहेर पडायची वाट बुजते आणि आतली वीट भुसभुशीत होते. मुद्दाम केलेल्या मोडतोडीपेक्षा ही डागडुजी मला जास्त छळते.

पण ओस पडलेल्या वास्तू सावरताही येतात. गोव्याचा रेइश मागुश किल्ला १५५१चा. १९९३पर्यंत तिथे तुरुंग होता, नंतर तो ओस पडला. राज्य सरकार, वारसा जतन करणारी इंटॅक संस्था आणि हेलन हॅमलिन ट्रस्ट यांनी मिळून तो सावरला आणि २०१२ मध्ये लोकांसाठी उघडला. आत चित्रे लागली ती गोव्याच्याच मारिओ मिरांडांची. राजस्थानातला नीमराणाचा पडका किल्ला १९८६ मध्ये विकत घेतला गेला आणि १९९१ मध्ये तिथे पाहुणे उतरू लागले. सगळा किल्ला पुरा होईपर्यंत कोणी थांबले नाही. जेवढा दुरुस्त झाला, तेवढा कमावू लागला. आपल्या वाड्यांना हीच रीत मानवेल असे मला वाटते.

मात्र तिकीटखिडकीआधी छप्पर हवे. चुना मळणारे गवंडी आणि जुन्या सागाला सांधा घालणारे सुतार आता मोजकेच उरले आहेत. पर्यटनाचा पहिला पैसा त्यांच्या हाती पडावा आणि त्यांच्या हाताखाली गावची पोरे शिकावीत, एवढा आग्रह या परिषदेने धरावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

उद्या सकाळी आपण मेणवलीला जाणार आहोत. काही कारागिरांनाही बोलावले आहे. त्यांना मनसोक्त प्रश्न विचारा. अध्यक्ष महोदयांनी आता परिषदेचे उद्घाटन करावे, अशी मी त्यांना विनंती करतो.