किन्हीराजावाले, उतरा!

एसटीत कंडक्टर हाक देतो, “किन्हीराजावाले, उतरा!” मालेगाव तालुक्यातलं, वाशीम जिल्ह्यातलं हे गाव. आज मी या हाकेतल्या दोन शब्दांवरच बोलणार आहे.

परगावचा माणूस पाटी वाचतो आणि म्हणतो, किन्-हीराजा. गावचा माणूस ‘कि’वर जोर न देता म्हणतो, कि-न्हीराजा. वृत्तांच्या तासाला आपण शिकलो, जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू होतं, पण त्यावर आघात आला तरच. ‘तुम्ही’तला ‘तु’, ‘पुन्हा’तला ‘पु’ लघूच राहतो. म्हणून ‘किन्हीरा’ म्हणजे ‘यमाचा’, य-गण. पाटी वाचणाऱ्यानं त्याचा ‘मानावा’, म-गण केला. पाटीवरची अक्षरं मात्र दोघांना एकच दिसतात.

इटालियन शिकणाऱ्याला क्रियापदांच्या रूपांत हाच घोर लागतो. ‘फारेमो’ म्हणजे आम्ही करू. ‘फारेम्मो’ म्हणजे करू, पण अट आहे. फा-रे-मो, फा-रेम्-मो, एक ‘म’ दुणावला आणि अर्थ पालटला. ‘कापितानो’ तर त्याहून अवघड. ‘का’वर आघात दिला की अर्थ ‘घडतात’, ‘ता’वर दिला की ‘कप्तान’, आणि शेवटच्या ‘नो’वर दिला की ‘त्यानं नेतृत्व केलं’. शेवटच्या आघाताला लिहिताना खूण करतात. पहिले दोन शब्द लिहायला अगदी सारखे. वाचणाऱ्यानं वाक्यावरून ओळखायचं.

मराठीत आघातानं अर्थ असा सहसा बदलत नाही. पण तुकडे बदलतात, आणि तेही क्रियापदातच छान ऐकू येतं. ‘उतर’ म्हणून पाहा: उ-तर. आता ‘उतरा’: उत-रा. ‘उतरतो’: उ-तर-तो. धातू तोच, पण ‘त’ एकदा मागच्या अक्षराला चिकटतो, एकदा पुढच्या. ‘समज, समजा, समजतो’ हे घरी मोठ्यानं म्हणून बघा. पहिलीच्या पोराला आपण ‘स-म-ज-तो’ असं अक्षर अक्षर तोडून वाचायला लावतो, तेव्हा त्याच्या कानात आधीपासून असलेली भाषा आपण मोडतो. मला हे फार लागतं. त्याला आधी बोलू द्यावं, टाळ्या वाजवून तुकडे मोजू द्यावेत, मग पाटी दाखवावी.

टाळ्या मोजताना वऱ्हाडी रूपंही घ्यावीत. पुस्तकातल्या ‘राहिलो’ला तीन टाळ्या, रा-हि-लो. आमच्याकडे दोनच, राय-लो. पोरानं दोन वाजवल्या तर त्याचं बरोबर आहे, कंडक्टरच्या हाकेला मागच्या सीटवरून उत्तरही तसंच येतं, “उतरून रायलो ना, बाप्पा!”