पप्पा, मला 'मृत्युंजय' झेपली नाही

आजचा भाग जरा रिस्की आहे. आज मी कादंबऱ्यांबद्दल बोलणार आहे, आणि त्यातही ज्या सगळ्यांना आवडतात त्यांच्याबद्दल. शिव्या घालायच्या असतील तर शेवटपर्यंत ऐकून घाला.

आधी माझी लायकी सांगतो. साहित्याचा अभ्यास वगैरे काही नाही. लोणेऱ्याहून बी.टेक. केलं, आता ऐरोलीला बॅकएंडचं काम करतो. घोडपदेवहून चालत कॉटन ग्रीन, हार्बरने वाशी, तिथून ठाण्याची गाडी. जाऊन-येऊन तीन तास जातात. त्यात मी पुस्तकं वाचतो असं मुलींना सांगतो. खरं म्हणजे मी रील्स बघतो. मान दुखायला लागली की पुस्तक काढतो. माझं वाचन एवढंच.

तर, 'मृत्युंजय'. शिवाजी सावंतांची, 1967 ची. मी ती तीनदा सुरू केली. एकदा होस्टेलवर, एकदा लॉकडाऊनमध्ये, एकदा गेल्या वर्षी. तिन्ही वेळा दीडशे पानांच्या आसपास गाडी बंद पडली. कल्पना एक नंबर आहे हं. कर्णाची गोष्ट वेगवेगळी माणसं आपापल्या तोंडून सांगतात. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण. साठ वर्षांपूर्वी इतक्या मोठ्या पुस्तकात असं करणं सोपं नव्हतं. पण माझी अडचण अशी की कर्ण बोलून झाल्यावर कुंती बोलायला लागते, तर मला ती कर्णासारखीच वाटते. तीच मोठी मोठी वाक्यं, त्याच उपमा. आणि सगळं कायम भव्य. कुणाला साधा कंटाळा येत नाही, कुणाचं डोकं दुखत नाही. मला श्वास घ्यायला जागाच मिळेना.

हे मी ऑफिसात बोललो तेव्हा हसण्यावारी गेलं. घरी बोललो ते चुकलंच.

रविवार होता. पप्पा पेपर वाचत होते. मी सहज म्हटलं, "पप्पा, मला 'मृत्युंजय' झेपली नाही, जरा जास्तच रडकी आहे." त्यांनी पेपर खाली ठेवला. आमच्याकडे पेपर मॅचच्या वेळीसुद्धा खाली ठेवत नाहीत. म्हणाले, "तुला कर्ण कशाला लागेल? तुला सगळं वेळेवर मिळालं." आणि परत पेपर उचलला. पुढे दोन दिवस कामापुरतंच बोलणं.

हे कळायला थोडं मागे जावं लागेल. आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. गिरणीचं नाव घेत नाही, गरज नाही. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पप्पा तेव्हा वीस वर्षांचे, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. ते वर्ष त्यांनी पूर्ण केलं नाही. लोहार चाळीत एका दुकानात हमालीवजा काम, मग कुठे रात्रीचा वॉचमन, मग एका ऑफिसात कारकुनी. ही माहिती मला आईकडून तुकड्यातुकड्याने मिळाली. ते स्वतः कधी बोलत नाहीत.

त्या काळात ते वाचायचे. गल्लीत महिन्याच्या वर्गणीची लायब्ररी होती. तिथली बाबुराव अर्नाळकरांची पातळ पुस्तकं त्यांनी फडशा पाडल्यासारखी वाचली. झुंझार, काळा पहाड. आपल्यातल्या कित्येकांना हे नावही माहीत नसेल. या माणसाने हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. मी दोन वाचल्या. आज वाचताना पुढचं सगळं आधीच दिसतं, पण पान मात्र उलटत राहतं. मग नारायण धारप, मग सुहास शिरवळकर, आणि त्याच लायब्ररीतून 'मृत्युंजय'. ती त्यांनी परत केलीच नाही. लायब्ररी बंद पडली. आमच्या घरातल्या प्रतीवर अजून तो जांभळा शिक्का आहे.

आता मला वाटलं आपण फार हुशार. विश्वास पाटलांची 'लस्ट फॉर लालबाग' आहे ना, जाडजूड, गिरणगावावरची. संप, गिरण्या, जमिनी. 'पानिपत'वाले विश्वास पाटील. म्हटलं पप्पांना कर्ण कशाला, त्यांना त्यांचीच गोष्ट देऊ. वाढदिवसाला दादरहून आणली. पहिल्या पानावर नाव-बिव घालून दिली.

पप्पांनी तीस-चाळीस पानं वाचली असतील. मग पुस्तक टीव्हीच्या मागे गेलं, तिथून माळ्यावर. मी विचारलं, आवडलं नाही का? म्हणाले, "चांगलं लिहिलंय. मला माहितेय ते सगळं." आणि माझ्या कप्प्यातून धारपांचं 'लुचाई' काढून घेऊन गेले. स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेलं, रक्तपिपासू भुतांचं. रात्री दीड वाजेपर्यंत लाइट चालू.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी स्वतः ती कादंबरी पूर्ण वाचली. काही ठिकाणी ती मला पसरट वाटली, फाफट वाटली, पण आमच्या दारावरून जाणारे रस्ते छापील अक्षरात बघताना अंगावर काटा येतो. आमच्या घोडपदेवमध्येच न्यू हिंद मिलच्या जागेवर गिरणी कामगारांसाठी म्हाडाचे टॉवर उभे आहेत. रोज त्यांच्याखालून जातो आणि वर बघतसुद्धा नाही. पुस्तक वाचल्यावर आठवडाभर वर बघत चालत होतो.

पण मग लक्षात आलं की मीही काही वेगळं करत नाही. माझी आवडती कादंबरी 'कोसला'. का? कारण पांडुरंग सांगवीकर होस्टेलवर राहतो, वडिलांचे पैसे उडवतो, नापास होतो आणि सगळ्याची टिंगल करतो. लोणेऱ्याच्या तिसऱ्या सेमिस्टरला मला वाटलं, नेमाडे माझ्या खोलीत कॅमेरा लावून बसलेत. 1963 चं पुस्तक, लिहिणारा पंचविशीचा. बहीण मनी देवीने जाते तो भाग वाचून मी होस्टेलच्या गच्चीवर जाऊन बसलो होतो. उत्तरार्ध मला आजही थोडा लांबतो, ते जाऊ दे. मला आरशासारखी कादंबरी आवडली कारण आरशात काही भयंकर नव्हतं. दोन केटी होत्या फक्त. पप्पांच्या आरशात 1982 आहे. त्यांनी त्यापेक्षा भूत निवडलं, यात त्यांचं काय चुकलं?

धारपांवरून एक आठवलं. 'तुंबाड' पिक्चरच्या सुरुवातीच्या भागामागे धारपांची 'आजी' ही कथा आहे. पण 2024 ला पिक्चर परत लागला तेव्हा आमच्या टीममधल्या एकाने उत्साहाने 'तुंबाडचे खोत' मागवली. ती श्री. ना. पेंडशांची. दोन खंड. कोकणातल्या खोत घराण्याच्या चार पिढ्या. हा बिचारा पहिल्या खंडाच्या मध्यापर्यंत हस्तरची वाट बघत होता. मजा म्हणजे त्याने दोन्ही खंड संपवले आणि आता आम्हाला पेंडशांवर लेक्चर देतो.

बाकीच्यांबद्दल पटापट. 'स्वामी' वाचताना मला फक्त स्वतःचं वय दिसत राहिलं. माधवराव पेशवे थेऊरला वारले तेव्हा 27 वर्षांचे होते. तोवर निजाम, हैदर आणि घरचे राघोबादादा, सगळं अंगावर घेऊन झालं होतं. मी 28 चा आणि माझं सर्वात मोठं युद्ध बाईकचा ईएमआय. पुस्तक सुंदर आहे, पण रमाबाई मला फार शहाण्या, फार सोज्वळ वाटल्या. एकदा तरी भांडायला हवं होतं. 'दुनियादारी' मी पिक्चर बघून वाचली आणि पिक्चरचा राग आला. पुस्तक खूप जास्त कडू आहे. 'शाळा' बद्दल काही वाईट बोलायला मिळालं नाही, प्रयत्न केला. आणि माझ्या लाइनच्या लोकांनी जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' वाचाच. आपल्यासारखेच दुसरे बनवू पाहणारा यंत्रमानव, 1980 च्या दशकात, मराठीत. पात्रं थोडी पुठ्ठ्याची आहेत. पण एआयवर दिवसभर मीटिंगा करून आल्यावर वाचलं की गाडीत झोप लागत नाही.

आता 'मृत्युंजय'चं काय? चौथ्यांदा सुरू केलीय. या वेळी घरातलीच, शिक्क्यावाली प्रत. पानं पिवळी, काही ठिकाणी पेन्सिलची रेघ. रेघा पप्पांच्या की आधीच्या कुठल्या वाचकाच्या, विचारलं नाही. दीडशेच्या पुढे गेलोय. माझं मत फारसं बदललेलं नाही, भाषा अजून जड जाते. पण धाकटा भाऊ शोण बोलायला लागतो तिथे मी थांबलो. मोठ्या भावाकडे खालून बघणारा माणूस. तिथे मला पहिल्यांदा उपमा दिसायच्या बंद झाल्या. माझे काका आठवले. पप्पांनी कॉलेज सोडलं आणि काकांचं आयटीआय पूर्ण झालं.

रोज रात्री जेवताना पप्पा विचारतात, "कुठे पोचलास?" मी पान सांगतो. ते म्हणतात, "अजून आहे मग," आणि भाकरी मोडतात.

चला, कॉटन ग्रीन आलं, उतरतो. तुम्ही कुठली गाजलेली कादंबरी अर्धवट सोडलीत ते व्हॉइस नोटवर पाठवा. घरच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात.